तिसरं वाचन

त्या दिवशी अण्णा नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवले. बाजरीची भाकरी होती, मेथीची भाजी होती आणि शेजारच्या आमिनाबीने भिंतीवरून दिलेली बोरं होती. बोरं ते एकेक चाचपून, पिकलं कोणतं ते बोटांनी ठरवून खात आणि बिया ताटाच्या डाव्या कडेला एका ओळीत मांडून ठेवत. जेवण झालं, हात धुतला, आणि भिंतीला स्पर्श न करता माजघरातून ओसरीपर्यंतची अकरा पावलं चालत जाऊन ते आपल्या गादीवर बसले. पौषातलं ऊन त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. "केसर," ते म्हणाले, "तलवाड्याची गश्ती काढ." मी मनातल्या मनात कंटाळले. मनातल्या मनात, असं मी आजवर समजत आले आहे. पण माणसाला दिसेनासं झालं की दुसऱ्याचा श्वासही त्याला वाचता येत असावा, आणि कागदांच्या बस्त्याची गाठ सोडताना मी जो श्वास सोडला तो काही लहान नव्हता. त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला, डोळे मिटले आणि ऐकायला बसले.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, काम काय, हे लहानपणी मला मैत्रिणींना नीट सांगता येत नसे. ते वकील नव्हते, सावकारही नव्हते. बीडच्या तालुकदार कचेरीत पंचवीस वर्षं पेशकारी, म्हणजे साहेबापुढे कागद मांडण्याची नोकरी, करून ते घरी बसले, आणि त्याच सुमारास आमच्या भागात बँका निघू लागल्या. गावातली चार मातब्बर माणसं एकत्र येऊन बँक काढत, पण हैदराबादेहून येणारे हुकूम आणि गश्त्या उर्दूत असत. गश्ती म्हणजे सगळ्या बँकांना एकदम लागू होणारं सरकारी पत्रक. तलवाड्याला, नेकनूरला उर्दू वाचणारा एखादा सापडे, पण वाचून झाल्यावर करायचं काय, हे त्याला सांगता येत नसे. मग कागद आमच्या ओसरीवर येई. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांचा भाव हलला तर काय करावं, दोन पंचांचं पटेनासं झालं तर बँक कशी चालवावी, तपासनीस यायच्या आधी काय झाकू नये, हे अण्णा सांगत. 'काय झाकू नये' हे त्यांचेच शब्द. लोक त्यांना कायदेवाले अण्णा म्हणत, आणि त्यांच्या शब्दावर एखाद्या बँकेचं दार उघडं राही किंवा बंद होई.

त्यांची एक रीत होती आणि ती सगळ्यांना पाठ होती. कागद आला की तो एक मुक्काम आमच्याकडे राही. मत दुसऱ्या दिवशी. त्या एका मुक्कामात कागदाची तीन वाचनं होत. पहिलं वाचन नुसतं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्याला प्रत्येक कलमापाशी थांबायचं, शंका काढायच्या. आणि तिसरं पुरवणीसकट. प्रत्येक गश्तीला एक पुरवणी असे, घडी घालून, कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने मूळ कागदाला बांधलेली. ती गाठ तिसऱ्या वाचनाआधी सोडायची नाही असा अण्णांचा नियम होता. "पुरवणीत सवलती असतात," ते म्हणत. "त्या आधी वाचल्या की माणूस कायदा वाचत नाही, पळवाट वाचतो." तिसरं झाल्याशिवाय राधाकिशन अण्णा तोंड उघडत नाहीत, ही गोष्ट गेवराईपासून माजलगावपर्यंत माहीत होती. लोकांना एकच माहीत नव्हतं. ही तीनही वाचनं चार वर्षांपासून मी करत होते.

त्यांची नजर हळूहळू गेली. आधी दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं, मग कडेचं दिसेना, मग समोरचं. हैदराबादच्या डॉक्टरने आता उपाय नाही म्हणून सांगितलं तेव्हा अण्णांनी परतीच्या मोटारीत मला एकच प्रश्न विचारला, "तुझं उर्दू अजून चांगलं आहे ना?" माझं उर्दू आमिनाबीचं. मी सात वर्षांची असताना तिने अंगणात चिंचोके मांडून मला अलिफ, बे शिकवलं होतं, आणि अण्णांनी पुढे कचेरीची भाषा. नवरा वारल्यावर मी माहेरी आले तेव्हा माझ्याजवळ दोन लुगडी आणि पुस्तकांची एक पेटी होती, आणि पुढचं सगळं आयुष्य त्या पेटीत काढायचं असं मी ठरवलं होतं. पुण्याची मासिकं मागवायची, हैदराबादच्या वाचनालयातून टपालाने कादंबऱ्या आणायच्या, वाचायच्या, परत करायच्या. त्याऐवजी मी कलमं वाचू लागले. अण्णा ओसरीवर अशिलासमोर बसत तेव्हा मी दाराआड असे. लोकांना वाटे, अण्णा डोळे मिटून विचार करतात. मी महत्त्वाच्या कलमांपाशी समासात नखाने खूण करून ठेवी. अण्णांचं बोट कागदाच्या कडेवरून खाली उतरे, खुणेपाशी थांबे आणि ते म्हणत, "हे बघा, चौथं कलम." समोरचा माणूस मान डोलवी. दाराच्या फटीतून मला हे दिसे, आणि दर वेळी मला हसू येई. डोळे गेलेल्याकडे कोण कागद घेऊन येणार? हे गुपित त्यांचं होतं, पण माझ्या नखांत होतं.

तर त्या दुपारी पहिलं वाचन झालं. गश्तीचा मजकूर कडक होता. सभासद नसलेल्या लोकांच्या ठेवी बँकांनी यापुढे ठेवू नयेत, आहेत त्या इस्फंदार महिन्याच्या अखेरपर्यंत परत कराव्यात, नाहीतर नोंदणी रद्द. निजाम सरकारच्या फसली सालातला इस्फंदार नुकताच लागला होता. दुसऱ्या वाचनाला अण्णांनी पाच ठिकाणी थांबवलं. तलवाड्याच्या बळीवर्धक बँकेत निम्म्या ठेवी बाहेरच्या गावच्या लोकांच्या, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या कपाळावर आडवी आठी आली. "तिसरं," ते म्हणाले, आणि मी पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागले. दुसऱ्या कलमापाशी मला कळलं की त्यांना झोप लागली आहे. हनुवटी छातीवर आली होती, मिशीचे केस श्वासाने हलत होते. मी थांबले. हे आधीही झालं होतं. अशा वेळी मी थांबे, ते जागे होत, आणि मी जिथे थांबले तिथून पुढे वाची. त्या दिवशी मी गश्ती बाजूला ठेवली आणि पाटाखालची कादंबरी काढली. अकरा पानं उरली होती. ती मुलगी शेवटी घर सोडून जाते की नाही, एवढंच मला हवं होतं. एवढ्यात त्यांनी मान उचलली. ऊन गुडघ्यांवरून पावलांवर उतरलं होतं. "तिसरं झालं का?" त्यांनी विचारलं. मी पानात बोट घातलेलं होतं. मी म्हणाले, "झालं."

एक शब्द. मी किती पुस्तकांत किती माणसांची किती पापं वाचली आहेत, त्यांना कारणं असतात, वादळं असतात, पानं पानं लागतात. माझ्या शब्दाला काही लागलं नाही. तो तोंडातून निघाला तेव्हा त्याला चवही नव्हती. त्या शब्दानंतर मी अकरा पानं वाचायला हवी होती, पण तेवढ्यात दूधवाली आली, मग दिवेलागण झाली, आणि ती अकरा पानं अजून तशीच आहेत.

सकाळी चहा घेताना अण्णांनी बशी खाली ठेवली. "पुरवणीत काही विशेष?" "नेहमीचंच," मी म्हणाले. "बरं," ते म्हणाले. मी पुरवणी पाहिलीही नव्हती. आश्रुबाकाका आठाच्या सुमाराला आले. ते बळीवर्धक बँकेचे अध्यक्ष, तलवाड्याचे मोठे बागाईतदार, पण आमच्या ओसरीवर ते पायरीच्या वर कधी एकदम चढत नसत. "या म्हना आण्णा, मंग येतो," असं म्हणून उभे राहत. अण्णांनी त्यांना बसवलं, गश्ती मांडीवर घेतली आणि एकेका खुणेवर बोट ठेवत कलमं समजावली. ठेवी परत कराव्या लागतील. एकदम केलंत तर लोक घाबरतील. आधी थोरामोठ्यांच्या करा, मग लहानांच्या, आणि दारावर कागद चिकटवू नका, घरोघर जाऊन सांगा. आश्रुबाकाका "लई अवघड हाय, आण्णा" एवढंच म्हणत होते. बोलता बोलता अण्णांचा हात कागदाच्या वरच्या कोपऱ्यात गेला. मी फटीतून पाहत होते. बोटं दोऱ्यावर आली. अंगठा गाठीवरून एकदा फिरला, पुन्हा एकदा फिरला. कचेरीतल्या कारकुनाने मारलेली, एकदाही न सुटलेली गाठ. बोटं तिथेच राहिली. अण्णांचं बोलणं वाक्याच्या मध्ये थांबलं. त्यांनी मान दाराकडे वळवली नाही. थोडीशी जरी वळवली असती तरी आज मला बरं वाटलं असतं. मग ते म्हणाले, "आश्रुबा, असं करा. आठ दिवस थांबा. काही करू नका. पक्कं मत मी आठ दिवसांत कळवतो. कागद राहू द्या माझ्याकडे."

"आठ रोज कावून, आण्णा? तिसरं वाचन झालं न्हवं?" आश्रुबाकाकांनी विचारलं. अण्णा हसले. "म्हातारा झालो. एकदा अजून डोळ्यांखालून घालतो."

डोळ्यांखालून. आश्रुबाकाका निघाल्यावर मी ओसरीवर गेले, पेला उचलला, गादीची चादर उगाच ओढून सारखी केली. आता बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. आयुष्यात ते मला कधी टाकून बोलले नव्हते, आणि त्या क्षणी मला ते हवं होतं. त्यांनी गश्ती बस्त्यात बांधायला माझ्याकडे दिली. देताना क्षणभर सोडली नाही. "संध्याकाळी थोडं वाचायचंय, केसर," ते म्हणाले. "थकली नसशील तर." मी हो म्हणाले. दुपारी पाणी घेऊन गेले तेव्हा ते आडवे झालेले होते, ऊन त्यांच्या पावलांवर होतं आणि पावलं गारच होती.

पुढचे दिवस लोकांचे होते. गेवराईहून चुलतभाऊ आला, त्याने अग्नी दिला, दिवसांचं सगळं केलं. नेकनूरचे, बीडचे पेढीवाले आले, ओसरीवर डोकं धरून बसले. "आता कागद कुनाला दावायचा?" असं जो तो म्हणे. मी आतल्या खोलीत होते. बस्ता खुंटीला होता. मी त्याच्याकडे पाठ करून निजत असे. आमिनाबी रोज भिंतीपाशी येऊन उभी राही. तिने मला कधी रड म्हणून सांगितलं नाही. एक दिवस म्हणाली, "केसर बेटी, इत्ती चुप नक्को बैठ. बोल कुछ. नाही तर मला शिव्या दे." मी म्हणाले, "आमिनाबी, माणूस मेल्यावर त्याला कळतं का सगळं?"  "त्याला काय कळायचं, अल्ला जाने," ती म्हणाली. "जो मागे राहतो त्याला कळतं. लई कळतं."

तेरावा झाल्यावर मी गाठ सोडली. अण्णांनी गाठ कशी सोडायची ते शिकवलं होतं, दोरा तुटू न देता, नखाने आधी सैल करून. पुरवणी एका पानाची होती. दहा वर्षांहून जुन्या बँकांनी इस्फंदार अखेरच्या आत अर्ज केल्यास त्यांना ठेवी परत करायला दोन वर्षांची मोहलत मिळेल. बळीवर्धक बँक चौदा वर्षांची होती. तिचा पहिला कागद आमच्याच ओसरीवर लिहिला गेला होता, तेव्हा अण्णांना दिसत होतं आणि मी शाई वाटून दिली होती. मी पुरवणी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा थांबत थांबत. तिसऱ्यांदा मोठ्याने, रिकाम्या खोलीत, आणि माझा आवाज मला परक्या बाईचा वाटला.

तेव्हाच निरोप धाडायला हवा होता. आमिनाबीचा भाऊ चाँदभाई दर बाजाराला तलवाड्याला फळं घेऊन जातो, त्याच्याजवळ एक चिठ्ठी दिली असती तर भागलं असतं. मी चिठ्ठी लिहिली. 'अण्णांच्या कागदांत असं आढळलं' असं लिहिलं आणि फाडली. आश्रुबाकाका विचारणार, आण्णांना हे ठाऊक न्हवतं? ठाऊक होतं म्हणावं तर त्यांनी ठेवी परत करायला का सांगितलं? ठाऊक नव्हतं म्हणावं तर तिसऱ्या वाचनाचं काय झालं? मग लिहिलं, 'अण्णांनी शेवटच्या दिवशी मला सांगून ठेवलं होतं.' हे वाक्य चांगलं होतं. त्यात बँक वाचत होती, त्यांचं नाव वाचत होतं, मीही वाचत होते. पण मग इतके दिवस मी ते दाबून का ठेवलं? आणि तेही पुन्हा 'झालं' म्हणण्यासारखंच होतं. तीही फाडली. खरं लिहायचं तर त्यांचे डोळे गेले होते, हे लिहावं लागणार होतं. चार वर्षं त्यांनी अकरा पावलं बिनचूक टाकली ती कशासाठी? त्यांचं गुपित मी जपते आहे, असं मी स्वतःला सांगत राहिले. सांगताना खुंटीकडे पाहत नव्हते. दिवस गेले. चाँदभाईने बातमी आणली. आश्रुबाकाका मयताच्या मानाने आठ दिवस थांबले, नवव्या दिवशी पंचांनी दारावर कागद चिकटवला. बाहेरगावच्या लोकांनी ठेवी घेऊन जाव्यात. "और फिर क्या," चाँदभाई म्हणाला, "बैलगाड्या लागल्या ना बँकेपुढं. लोक रातचे तिथंच झोपू लागले. सगळे म्हणायलेत, बँक बुडाली."

काल आश्रुबाकाका आले. बरोबर मुंजाजी होते, बँकेचे दुसरे पंच, तोंडाने फटकळ. मी दाराआड होते. अण्णांची गादी अजून ओसरीवरच आहे, ती उचलायची मी कुणाला परवानगी दिलेली नाही. दोघे तिच्याकडे न बघता घोंगडीवर बसले.

"बाई," आश्रुबाकाका दाराकडे पाहून म्हणाले, "आमचा कागद तेवढा द्या. उद्या बाजार हाय. दवंडी द्यायची न् दार लावायचं ठरलंय."

"द्या न् मोकळं करा आमाला," मुंजाजी म्हणाले. "म्हाताऱ्याचं डोकं चळलं व्हतं, ते आमाला उशिरा कळलं. जालन्याचा एक वकील म्हनत व्हता, असल्या गश्तीत जुन्या बँकांना कायतरी सूट असतीच. आण्णांच्या ध्यानातच न्हाई आलं. आन् आपन बसलो डोळे मिटलेल्या देवापुढं हात जोडून!"

"तोंड आवर, मुंजाजी. मयत मानूस हाय."

"मयत हाय म्हनून काय बँक जिती व्हनार का? नेकनूरवाल्यांनी दुसरा गडी धरला बी. म्हनले, आण्णांचे जुने सल्ले सगळे पुन्ना तपासून घेतो. काय चुकीचं केलं त्यांनी?"

आश्रुबाकाकांनी पहिल्यांदाच गादीकडे पाहिलं. मग म्हणाले, आणि मुंजाजींना नाही, जणू त्या गादीलाच विचारल्यासारखं म्हणाले, "चौदा वर्सं आलो मी या वसरीवर. तिसरं वाचन केल्याबिगर आण्णांनी तोंड उघडलं न्हाई. मंग चुकलं कसं?"

जुने सल्ले सगळे पुन्हा तपासणार. इतक्या वर्षांची एकेक गाठ, नीट सोडलेली, नीट बांधलेली, कुणीतरी आता संशयाने उसकटणार. आणि हा एक म्हातारा शेतकरी अजून विचारतो आहे, म्हणजे त्याचा अजून विश्वास बसलेला नाही. मला दाराच्या फटीतून त्यांची बोटं दिसत होती, घोंगडीची दशी पिळत होती. चार वर्षं मी इथून पाहिलं, आणि मला इथून नेहमी सगळं दिसलं. मी बस्ता खुंटीवरून काढला. उंबऱ्याला पाय लागला तेव्हा लक्षात आलं की अशील बसलेलं असताना मी हा उंबरा कधी ओलांडलाच नव्हता. मुंजाजी गडबडीने सावरून बसले. मी गश्ती आणि सुटी पुरवणी आश्रुबाकाकांपुढे ठेवली.

"काका, दवंडी देऊ नका," मी म्हणाले. "इस्फंदारचे अजून चार दिवस आहेत. जुन्या बँकांना दोन वर्षांची मुदत आहे, अर्ज केला की मिळते. या पानात आहे. अर्ज मी आत्ता लिहून देते."

"मंग आण्णांनी..."

"अण्णांना चार वर्षं दिसत नव्हतं. कागद मी वाचायची. ही पुरवणी मी वाचलीच नाही."

ऊन ओसरीच्या कडेला आलं होतं. मुंजाजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आश्रुबाकाकांनी पुरवणी उचलली नाही, तिच्या कोपऱ्यातल्या दोऱ्याला नुसतं बोट लावलं. "म्हनून आठ रोज थांबा म्हनले," ते हळू म्हणाले. "त्यांना कळलं व्हतं."

"हो," मी म्हणाले. "त्यांना कळलं होतं."

आता आत जायचं, दऊत आणायची, असं मनाने ठरवलं होतं, पण पाय गादीकडे वळले. चादरीवर अजून त्यांच्या बसण्याचा खळगा होता. मी त्याच्या समोर बसले, ज्या जागी बसून वाचत असे तिथेच, आणि दोन परकी माणसं ऐकत असताना, नेहमी वाचायचे त्याच आवाजात म्हणाले, "अण्णा, तिसरं झालं नव्हतं."